व्हॅगाबाँड

ठावठिकाणा आणि निश्चित कामधंदा नसलेल्या भटक्या माणसासाठी वापरली जाणारी इंग्रजी संज्ञा. तिचे मूळ ‘भटकणे’ या अर्थाच्या ‘व्हॅगारी’ या लॅटिन क्रियापदात असून ती फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. ‘व्हेग’ आणि ‘एक्स्ट्राव्हॅगंट’ हे शब्द याच कुळातले.

शब्दाला गुन्ह्याचा वास लागला तो इंग्लंडच्या कायद्यांमुळे. शेतजमिनींना कुंपणे पडली, मठ बंद झाले, महागाई वाढली. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांकडे राज्यकर्ते मात्र संशयानेच पाहू लागले. 1547 च्या कायद्यानुसार धडधाकट असून काम न करणाऱ्याच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘व्ही’ हे अक्षर डागून त्याला दोन वर्षे गुलाम करता येत असे. इतका क्रूर कायदा राबवणे अवघड गेले आणि तो लवकरच रद्द झाला. 1572 च्या कायद्याने सरदाराचा आश्रय नसलेल्या फिरत्या नटांनाही याच वर्गात टाकले. तेव्हाच्या नाटकमंडळ्या उमरावांची नावे लावत, त्याचे हे एक मोठे कारण. 1824 च्या कायद्यात ‘रोग अँड व्हॅगाबाँड’ हा अपराध्यांचा स्वतंत्र वर्गच होता.

भटकणारा तो गुन्हेगार, हीच दृष्टी भारतातील 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसते. तिची झळ महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी आदी समाजांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागली. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ‘विमुक्त’ ही ओळख त्यानंतरची. इंग्रजीत मात्र आज स्वच्छंद प्रवासी स्वतःला आवडीने व्हॅगाबाँड म्हणवतात.