तांदूळ, सर्पगंधा आणि लोणच्याची बरणी

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत नर्सने तीनदा दंडाला पट्टा गुंडाळला आणि तिन्ही वेळा आकडा जवळजवळ तोच आला, १६८/१०२. संध्याकाळी दुबई मरीनातल्या आमच्या सत्ताविसाव्या मजल्याच्या बाल्कनीत चहा घेऊन बसले. खाली मरीना वॉकवर नेहमीची गर्दी, पाण्यात दिव्यांनी सजलेल्या बोटी. मला मात्र लालबागची चाळ दिसत होती आणि खाटेवर पाठ करून झोपलेले बाबा.

बाबा गिरणीत साचा खात्यात होते. 'प्रेशर' हा शब्द आमच्या खोलीत आला १९७५ च्या सुमारास. डॉक्टरांनी सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं. गोळ्या बाबा आठवण झाली की घ्यायचे. आईने भाजीत चिमूटभर मीठ कमी घातलं, ती कसर बाबांनी लोणच्याने भरून काढली. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली, बाबा बोलेनासे झाले, आणि १९८३ मध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन गेले. मी सोळा वर्षांची होते.

म्हणून असेल, पण माझी गोळी सुरू झाली त्याच आठवड्यात मी या आजाराचा इतिहास वाचायला घेतला.

दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजायची युक्ती रिवा-रोची या इटालियन डॉक्टरची, १८९६ सालची. मोजता आलं, पण उपाय? पुढची पन्नास वर्षं जवळजवळ काहीच नाही. मार्च १९४४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १८६/१०८ भरला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसासाठी डॉक्टरांकडे काय होतं? हृदयासाठी डिजिटॅलिस, विश्रांती, कमी सिगारेटी आणि कमी मीठ! १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले तेव्हा दाब ३००/१९० होता.

यानंतरचं एक पान आपल्या मुंबईचं आहे, आणि परळजवळ वाढूनही मला ते ठाऊक नव्हतं याची लाज वाटली. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे सर्पदंशावर आणि वेडावर शतकानुशतकं देत आले. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं की तिने रक्तदाबही उतरतो. पण जगाने दखल घेतली ती केईएम रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी पन्नास रुग्णांवर मुळीच्या गोळ्या वापरून त्याचा नीट हिशेब १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. तो वाचून बोस्टनच्या डॉक्टरांनी मुळी मागवली, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आमच्या चाळीपासून केईएम चालत वीस मिनिटं!

पुढे वाचताना मात्र मी थांबले. रिसर्पिन घेणाऱ्या काही जणांना, विशेषतः मात्रा जास्त असली तर, खोल उदासी येते असं १९५० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. बाबांचं ते गप्प होणं आम्ही संपाच्या खात्यावर मांडलं होतं. संपच असेल. गोळीही असेल. आता कोण सांगणार? नवी औषधं आली तसं रिसर्पिन मागे पडलं. आजच्या गोळ्या वेगळ्या आणि अनेक प्रकारच्या आहेत. एक सोसली नाही तर डॉक्टर दुसरी देतात, म्हणून आपल्या मनाने बंद करू नये, हे मी बाबांची मुलगी म्हणून सांगते.

आता तांदळाची गोष्ट. जर्मनीतून अमेरिकेत आलेले डॉ. वॉल्टर केम्पनर ड्यूक विद्यापीठात अतिदाबाच्या, मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांना नुसता भात, फळं, फळांचा रस आणि साखर देत. मीठ शून्य. एका बाईला त्यांनी दोन आठवड्यांनी या म्हटलं, त्यांच्या जर्मन उच्चारामुळे तिने दोन महिने ऐकलं आणि तेवढे दिवस ती तेच खात राहिली, असं सांगतात. परत आली तेव्हा १९०/१२० चा दाब १२४/८४ झाला होता. औषधाविना! अर्थात असलं जेवण फार थोड्यांना जमलं. (मला तर आमटीशिवाय भात दोन दिवसांवर जाणार नाही.)

माणसांना जमेल असं जेवण तपासलं गेलं ते १९९७ मध्ये, अमेरिकेतल्या 'डॅश' या प्रयोगात. ४५९ जण, आठ आठवडे. भरपूर भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूधदही. मीठ तेवढंच ठेवूनही ज्यांना अतिदाब होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. २००१ च्या पुढच्या प्रयोगात मीठही कमी केलं, तेव्हा आणखी उतरला. मी यादी वाचली आणि हसूच आलं. पालेभाजी, डाळ, कोशिंबीर, ताक! आपलंच ताट की. फक्त आपण कोशिंबिरीत मीठ घालतो, ताकात मीठ घालतो, आणि डावीकडे लोणचं, पापड, चटणी वाढतो.

या डाव्या बाजूचाही इतिहास आहे. कोकणात पावसाचे चार महिने होड्या बंद, बाजार लांब. सुकट, बोंबील, खारातलं लोणचं ही त्या दिवसांची बेगमी होती. इथल्या अमिरातींचंही तेच. मासे मिठात मुरवून बरणीत भरायचे, त्याला ते 'मालेह' म्हणतात. त्या मिठाने माणसं जगवली. आमच्या मरीनातल्या स्वयंपाकघरात मात्र दोन दारांचा फ्रीज आहे आणि खाली सुपरमार्केट मध्यरात्रीपर्यंत उघडं.

तिथे मी आता चष्मा लावून लेबलं वाचते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात ब्रेड, चीज, फरसाण सगळं आलं. पोटॅशियमवालं 'लो सोडियम' मीठही मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. मी आधी डॉक्टरांना विचारलं आणि मग घेतलंच नाही. लिंबू, कोकम, जिरेपूड यांवर भागतं.

गोळी चालू आहे, रोज रात्री मरीना वॉकवर पाऊण तास चालते. गेल्या महिन्यात आकडा १३२/८२ होता.

आई शहाऐंशीची, डोंबिवलीला असते. दर मे महिन्यात कोणाच्या तरी बॅगेतून लोणच्याची बरणी येतेच. यंदा फोनवर म्हटलं, "आई, लोणचं नको गं पाठवूस."

"अगं, मीठ अर्धंच घातलंय," ती म्हणाली. "टिकणार नाही हो. फ्रीजमध्ये ठेव आणि पंधरा दिवसांत संपव."