कार्निव्हल: रस्ता आणि पडदा

कॅरिबियन कार्निव्हल ऑनलाइन गेला, तेव्हा तो टिकला की संपला? उत्तरासाठी आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

१७८३ नंतर त्रिनिदादमध्ये फ्रेंच मळेवाले आले, आणि त्यांच्याबरोबर मुखवट्यांचे नाच आले. गुलामांना त्यात मानाची जागा नव्हती. १८३८ साली ते पूर्ण मुक्त झाले आणि मशाली, लाठ्या, ढोल घेऊन थेट रस्त्यावर उतरले. वसाहतीच्या सरकारला हे खुपलं. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलिसांशी मोठी चकमक झाली, १८८४ मध्ये ढोलावर निर्बंध आले. लोकांनी काय केलं? कमीजास्त लांबीचे बांबू कापले आणि जमिनीवर आपटून ताल धरला! पुढे बिस्किटांचे डबे आले, तेलाची पिंपं आली आणि त्यांतून स्टीलपॅन घडला.

आता लंडनकडे वळू. १९५८ साली नॉटिंग हिलमध्ये कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. त्यानंतर, जानेवारी १९५९ मध्ये, मूळच्या त्रिनिदादच्या क्लॉडिया जोन्स यांनी सेंट पँक्रसच्या सभागृहात कार्निव्हल भरवला. बीबीसीने तो दाखवला. म्हणजे बघा, लंडनमध्ये कार्निव्हल आधी पडद्यावर आला. नॉटिंग हिलचा रस्ता त्याला १९६६ पासून मिळाला.

म्हणून २०२० मध्ये महामारीमुळे नॉटिंग हिल कार्निव्हल ऑनलाइन झाला, तेव्हा ते अगदीच अघटित नव्हतं. दूरदेशी गेलेल्यांना घरबसल्या त्यात डोकावता आलं, ही कमाई लहान नाही. पण त्रिनिदादमध्ये लोक 'मास' बघत नाहीत, 'मास' खेळतात. रस्त्यावर बघणारा केव्हा नाचणारा होतो, त्याचं त्यालाच कळत नाही. पडद्यासमोर मात्र आपण बहुतेक बघेच उरतो. शिवाय परवानगीचा प्रश्न आहेच. तेव्हा ढोल पोलीस अडवत. आता स्वामित्वहक्क तपासणारी यंत्रणा चालू प्रक्षेपणातलं गाणं मुकं करू शकते.

२०२२ मध्ये लंडनचा आणि २०२३ मध्ये त्रिनिदादचा कार्निव्हल पुन्हा रस्त्यावर आला. पडदा पुरेसा असता, तर एवढी ओढ कशाला लागली असती? १८८१ चा झगडा नुसत्या गाण्यासाठी नव्हता. सगळ्यांच्या रस्त्यावर आपल्या देहानिशी उभं राहण्याच्या हक्कासाठी होता. तो हक्क पडदा देऊ शकत नाही.

तरीही पडद्याला आपण कमी लेखू नये. बांबूसुद्धा ढोलाची उणीव भरून काढायलाच आला होता, नाही का? त्याच वाटेवर पुढे एक नवं वाद्य जन्माला आलं. पडद्यातून काय जन्मेल, ते रस्त्यावर उतरणारेच ठरवतील.