पूलवाहक रणगाडा व चिलखती रिकव्हरी वाहन

पूलवाहक रणगाडा आणि चिलखती रिकव्हरी वाहन ही लढाऊ रणगाड्यांबरोबर चालणारी दोन साहाय्यक सैनिकी वाहने आहेत. पहिले वाहन नाला, कालवा किंवा खंदक यांवर तयार पूल टाकते. दुसरे वाहन चिखलात रुतलेला, बिघडलेला किंवा माऱ्यात निकामी झालेला रणगाडा ओढून बाहेर काढते. दोन्ही वाहने बहुधा रणगाड्याच्याच सांगाड्यावर बांधलेली असून त्यांवर तोफेचा मनोरा नसतो. सामान्य वाचनात ती एकाच गटात मोजली जातात. मात्र भारतीय भूसेनेत पूल टाकणे हे अभियंता दलाचे काम आहे, तर रिकव्हरी हे प्रामुख्याने विद्युत व यांत्रिकी अभियंता दलाचे (ईएमई).

गरज

रणगाडा शेत, वाळू व झुडपी रान सहज तुडवतो, पण उभ्या काठाचा आठ-दहा मीटर रुंदीचा नाला त्याला थांबवतो. थांबलेली रणगाड्यांची रांग शत्रूच्या तोफखान्याला आयते लक्ष्य ठरते. अशा वेळी सुरुंग काढणारे व पूल बांधणारे सैनिक उघड्यावर काम करीत असल्याने सर्वाधिक हानी त्यांचीच होते.

याचे मराठी वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारजवळील चेंडिया येथे २६ जून १९१८ रोजी जन्मलेले राणे बॉम्बे सॅपर्सच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत होते. ८ एप्रिल १९४८ रोजी नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्यांसाठी वाट मोकळी करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले. सुरुवातीलाच झालेल्या उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान ठार व राणे यांच्यासह पाच जखमी झाले. तरीही ११ एप्रिलपर्यंत त्यांनी सुरुंग, आडवी पाडलेली पाइनची झाडे व इतर अडथळे दूर करून चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला. एका अडथळ्याशी तर त्यांनी रणगाड्याचाच आडोसा घेऊन सुरुंग काढले. या कामगिरीबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले. अभियंत्याला रणगाड्याचे चिलखत का हवे, हे या चार दिवसांच्या हकिकतीइतके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून स्पष्ट होत नाही.

उगम

दुसऱ्या महायुद्धात १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधील दिएप येथे झालेल्या हल्ल्यात कॅनडाच्या सैन्याचे अभियंते किनाऱ्यावरील अडथळे फोडण्याआधीच मारले गेले. त्यानंतर ब्रिटिशांनी चर्चिल रणगाड्यावर आधारित अभियांत्रिकी वाहने तयार केली व ती मेजर जनरल पर्सी होबार्ट यांच्या ७९ व्या चिलखती डिव्हिजनमध्ये एकत्र केली. व्हॅलेंटाइन रणगाड्यावर बसवलेला ३४ फूट लांबीचा घडीचा पूल त्याच काळातला. तो ब्रह्मदेशाच्या मोहिमेतही वापरला गेला.

पूल टाकण्याच्या पद्धती

कात्री पद्धतीत पुलाचे दोन अर्धे भाग मधल्या बिजागरीवर घडी घालून वाहनावर ठेवलेले असतात. नाल्याच्या काठी आल्यावर द्रवचलित दट्ट्या घडी उभी करतो, ती हवेत उघडते आणि पूल पलीकडच्या काठावर टेकतो. चालकदलाला वाहनातून उतरावे लागत नाही. उणीव अशी, की उघडताना पूल उंच उभा राहतो व दुरूनही दिसतो. सरकत्या पद्धतीत दोन्ही भाग आडवेच जोडून पुढे ढकलले जातात. जर्मनीच्या बीबर या वाहनात ही पद्धत आहे. तिची यंत्रणा अधिक गुंतागुंतीची असते. सर्व वाहने पार झाल्यावर पूलवाहक स्वतः पलीकडे जातो व त्या बाजूने पूल उचलून घेतो.

प्रत्येक पुलाला भारवर्ग ठरवून दिलेला असतो. वाहनाचा वर्ग पुलाच्या वर्गापेक्षा मोठा असेल तर ते वाहन पुलावर नेत नाहीत. आधुनिक लढाऊ रणगाड्यांसाठी ७० हा वर्ग सर्रास धरला जातो.

भारतीय वाहने व पुणे परिसर

भारतात या विषयाचे केंद्र पुणे आहे. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र खडकीला आहे. सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४३ मध्ये रूडकी येथे सुरू होऊन १९४८ मध्ये दापोडीला आले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची (डीआरडीओ) पूल-संशोधन करणारी प्रयोगशाळा दिघीला आहे.

विजयंता रणगाड्याच्या सांगाड्यावरील कार्तिक हा भारतीय पूलवाहक. त्यानंतर टी-७२ च्या सांगाड्यावर सुमारे २० मीटर पुलाचे वाहन तयार झाले. सर्वत्र ही प्रणाली मात्र रणगाड्यावर नसून आठ चाकी टाट्रा ट्रकवर आहे. प्रत्येक वाहन १५ मीटरचा पूल टाकते आणि उंची कमी-जास्त करता येणाऱ्या आधारांवर असे पाच पूल जोडून ७५ मीटरचे अंतर पार करता येते. 'सर्वत्र' हे अभियंता दलाचे ब्रीदही आहे.

साडेनऊ मीटरपर्यंतच्या नाल्यांसाठी आखलेल्या लहान पुलाचे १२ संच २ जुलै २०२१ रोजी भूसेनेकडे सुपूर्द झाले. लार्सन अँड टुब्रो या कंपनीशी फेब्रुवारी २०२३ मध्ये ४१ मॉड्यूलर पूल-संचांचा, २,५८५ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा करार झाला. हा पूल एकाच गाळ्यात ४६ मीटर अंतर ओलांडतो.

रिकव्हरी वाहन

या वाहनावर मुख्य विंच, क्रेन आणि पुढे लोखंडी पाते असते. ओढताना हे पाते जमिनीत रोवतात, नाहीतर रुतलेल्या रणगाड्याऐवजी ओढणारे वाहनच पुढे घसरत जाते. लागणारी ओढ रुतण्याच्या खोलीवर अवलंबून असते. रणगाडा चाकांपर्यंत रुतला असेल तर त्याच्या वजनाएवढी, मडगार्डपर्यंत रुतला तर दुप्पट आणि मनोऱ्यापर्यंत रुतला तर तिप्पट ओढ धरतात. सुमारे ४१ टनांचा टी-७२ मडगार्डपर्यंत रुतल्यास ८२ टनांची ओढ लागते. एवढी ताकद एकेरी दोरात नसते. म्हणून दोर कप्प्यांतून फिरवून ओढ वाढवतात व त्या बदल्यात वेग घटतो. भारतात टी-७२ कुळातील डब्ल्यूझेडटी-३ हे पोलिश वाहन बीईएमएलमार्फत वापरात आले.

गडचिरोली व चंद्रपूरच्या संदर्भात

एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत नाला आडवा येण्याचा प्रश्न दर पावसाळ्यात अनुभवास येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तरीही येथे पूलवाहक रणगाडा हे उत्तर नव्हे. तो काही तासांसाठी टाकून उचलण्याचा पूल आहे, शिवाय चाळीस टनांचे वाहन तेथवर नेण्यासाठी वाटेतील प्रत्येक मोरी तेवढ्या भारवर्गाची लागेल. पुराने पसरलेले पात्र त्याच्या एका गाळ्यात मावतही नाही. येथे कायमचे उंच पूल, किंवा तातडीच्या वेळी जोडून उभारायचे बेली पद्धतीचे लोखंडी पूल, हेच उपयोगी ठरतात.

सुरुंगाचा धोका मात्र या भागातही खराच आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र प्रतिसाद पथकाचे १५ पोलीस व वाहनचालक मृत्युमुखी पडले. ते खासगी वाहनातून प्रवास करीत होते. सुरुंग-सुरक्षित वाहनाचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतरता असतो, त्यामुळे स्फोटाचा जोर बाजूंना वळतो. परंतु असे वाहन जड असते आणि स्फोटके बहुधा रस्त्यावरील मोरीखालीच पेरली जातात. त्यामुळे सुरुंगविरोधी पथक पायी पुढे पाठवून मोऱ्या तपासण्याची पद्धत अशा वाहनांच्या जोडीला कायम राहिली आहे.