किल्लारीची पहाट आणि छातीतली धडधड

तुम्ही चाळिशी ओलांडलेले सोलापूरकर असाल, तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. सोलापुरात आपण घाबरून रस्त्यावर आलो. किल्लारी, सास्तूर भागात मात्र दगडमातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. अनेक जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांतही आणलं गेलं.

हाडं जुळली, जखमा भरल्या. पण नवी घरं मिळाल्यावरही कितीतरी लोक छताखाली झोपायला धजत नव्हते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी अर्ध्याहून अधिक लोकांत मानसिक आजार आढळला. त्यात प्रमुख होते नैराश्य आणि आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी. पुढे डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पातून या भागातल्या मानसिक आरोग्याच्या गरजांचा अभ्यास झाला.

हा आजार नवा नाही, नाव नवं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये अशा सैनिकांविषयी लिहिलं, ज्यांच्या छातीत दुखायचं, धडधडायचं, दम लागायचा. पण हृदयात दोष सापडत नसे. १९१५ मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी 'शेल शॉक' हा शब्द वापरला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांचे हाल पाहिल्यावर, १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने पीटीएसडीला अधिकृत निदानाचं स्थान दिलं.

या इतिहासात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दा कोस्टांकडे रुग्ण 'मला भीती वाटते' असं सांगत आले नव्हते. ते छातीची तक्रार घेऊन आले होते. आजही तसंच घडतं. फॅमिली डॉक्टरकडे येणारा रुग्ण म्हणतो, 'झोप लागत नाही', 'डोकं दुखतं', 'अंगात कापरं भरतं', 'पोटात गोळा येतो'. रक्त तपासतात, ईसीजी काढतात, सगळं नॉर्मल येतं. मग घरचे म्हणतात, 'काही नाही, मनाचे खेळ आहेत.'

हे किती जणांत असतं? साध्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांवर झालेल्या, मुख्यतः परदेशातल्या, अभ्यासांचा २०१६ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात हे प्रमाण अभ्यासागणिक खूप वेगवेगळं असल्याचं दिसलं, आणि डॉक्टरांच्या नजरेतून यातले बरेचसे रुग्ण निसटतात असंही. कारण सोपं आहे: रुग्ण सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही. आणि आघात म्हणजे फक्त भूकंप नव्हे. हायवेवरचा अपघात, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, हेही त्यातच आले.

अशा घटनेनंतर महिना उलटूनही ती पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येते का? स्वप्नात दिसते का? त्या जागेकडे जाणं, तो विषय टाळता का? जरा आवाज झाला की दचकता का? मन सुन्न, उदास, माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं का? मग पुढच्या वेळी डॉक्टरांना तक्रारीबरोबर ती घटनाही सांगा. सगळं सांगायची गरज नाही. 'डॉक्टर, अपघातानंतर हे सुरू झालं' एवढं एक वाक्य पुरतं.

याला उपचार आहेत. आघातावर केंद्रित समुपदेशन आणि गरज असेल तर औषधं, दोन्हींचा उपयोग होतो. घटना जुनी असली तरीही. सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि घरात कुणी दिवा लावूनच झोपत असेल, तर हसू नका. जवळ बसा, विचारा.