मुरूडचा संपादक, आंबडव्याचा वकील

गणपतीत रत्नागिरीला घरी आलो होतो आणि मला एचआयव्हीची टेस्ट करायची होती. तीन महिन्यांपूर्वी पुण्यात जे झालं, त्यानंतर नीट झोप नव्हती. एका प्रायव्हेट लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "एचआयव्ही? कशासाठी?" मागच्या बाकावर आईच्या ओळखीच्या काकू बसलेल्या. मी म्हटलं, "नको, शुगर करा." शुगर नॉर्मल आली.

त्या रात्री फोनवर शोधता शोधता र. धों. कर्व्यांपर्यंत पोचलो. नाव ऐकलेलं, पण माणूस आपल्याच जिल्ह्यातला, दापोलीजवळच्या मुरूडचा, हे माहीत नव्हतं. महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा, गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२५ साली विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं.

त्यातलं प्रश्नोत्तरांचं सदर मला सगळ्यात मोठं वाटतं. जे घरात, मित्रांत, डॉक्टरलाही विचारता येत नव्हतं, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारायचे: हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, गुप्तरोग. पेनिसिलिन बाजारात यायला तेव्हा अजून वेळ होता, त्यामुळे या रोगांची भीती खरीच होती. कर्वे मात्र प्रवचन न देता सरळ उत्तर द्यायचे.

१९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे पुन्हा आपलाच जिल्हा. (शाळेत आम्हाला दोघांबद्दल शिकवलं, पण हा खटला नाही.) वाचकांनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यायलाच हवं, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली कर्वे जाईपर्यंत चालू राहिलं.

पुढे एड्स आला, तेव्हाही 'हे आपल्याकडे नाही' असंच म्हटलं जायचं. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांनी त्यांच्या विद्यार्थिनीला, निर्मलाला, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्ताचे नमुने तपासायला लावले. त्यात एचआयव्ही सापडला. सुनीती माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी घरातल्या.

आता २०१७चा कायदा आहे. संमतीशिवाय टेस्ट करायची नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवायचा. सोमवारी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत गेलो. समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं. त्या म्हणाल्या, ७२ तासांच्या आत आला असतास तर २८ दिवसांच्या गोळ्या देता आल्या असत्या. आता तीन महिने होऊन गेलेत, त्यामुळे या रिपोर्टवर विश्वास ठेवता येईल. पैसे लागले नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला.

बाहेर केसपेपरच्या रांगेत त्याच काकू.

"काय रे, परत शुगर?"

आणि एवढं सगळं वाचूनही मी म्हटलं, "हो काकू, शुगरच."