गार्डेनाचा पत्त्यांचा फड

पोकर म्हणजे निव्वळ नशीब, असे आपण म्हणतो. कॅलिफोर्नियातील गार्डेना गावचा इतिहास निराळे सांगतो. तेथे 1936 पासून पत्त्यांचे क्लब चालू झाले. क्लब स्वतः खेळत नसे. बसण्याचे भाडे तेवढे दर अर्ध्या तासाला घेई. हारजीत खेळणाऱ्यांची आपसांत.

लावायची रक्कम ठरलेली असे. मोठा आकडा टाकून कोणाला पळवून लावता येत नसे. म्हणून माणूस ओळखावा लागे. जो हरएक डाव शेवटपर्यंत पाहतो, त्याला हूल देणे फुकट. त्याच्यापुढे चांगली पाने येताच पैसे लावावेत. जो क्वचितच डावात उतरतो, त्याला हूल देता येते. पण त्याने रक्कम वाढवली, की आपली मध्यम पाने खाली ठेवावीत. जो ऊठसूट वाढवतो, त्याच्यापुढे तीच पाने धरून राहावे. 1987 मध्ये कॅलिफोर्नियात होल्डेम या प्रकाराला मोकळीक मिळाली. पानांची मांडणी बदलली, ही पारख बदलली नाही.

मात्र भाडे जिंकणारा भरतो आणि हरणाराही. टेबलाभोवती सारखेच हुशार बसले, तर कालांतराने सगळ्यांचेच खिसे हलके होतात. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.