एकच आकडा, दोन शरीरे

उंचीच्या मानाने वजन योग्य आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर 'बॉडी मास इंडेक्स' काढतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की हा निर्देशांक मिळतो. त्याचा जन्म मात्र दवाखान्यात झालेला नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले 'सरासरी माणसा'चा शोध घेत होते. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे त्यांना १८३२च्या सुमारास आढळले. या गुणोत्तराला आजचे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज यांनी दिले. त्यांनी पाच देशांतील सुमारे ७,४०० पुरुषांची मापे तपासली होती. त्या पाचांत भारत नव्हता.

पुढे २५ ही अतिवजनाची आणि ३० ही लठ्ठपणाची सीमा जगभर रूढ झाली. पण भारतात २५च्या खालचे कितीतरी लोकही मधुमेही निघत. असे का व्हावे?

उत्तराचा एक धागा पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

२००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! तराजू वजन सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे सांगत नाही.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी जुन्या सीमा कायम ठेवल्या, परंतु आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे जोडले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३च्या पुढे अतिवजन, २५पासून लठ्ठपणा असे ठरवले. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असेही सुचवले. म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाने ७२ किलोंऐवजी ६६ किलोंच्या पुढेच सावध व्हायचे.

वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. पण या सीमा प्रौढांच्या आहेत. वाढत्या मुलांना त्या लावून कोणालाही 'लठ्ठ' ठरवू नये.